कचरा टोकाशी नव्हे, आराखड्यातच रोखण्याचं शिक्षण: पार्श्वभूमी
१९७०चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७२चा स्वच्छ जल कायदा आला, तेव्हा अमेरिकेतल्या कारखान्यांनी धुराड्यावर स्क्रबर (धुरातले घातक वायू पाण्याने धुऊन काढणारी यंत्रं) चढवले आणि सांडपाण्याच्या टोकाला शुद्धीकरण केंद्रं उभी केली. अभ्यासक्रमही तसाच विभागलेला होता: प्रक्रिया रसायन अभियंत्याने आखायची, घाण पर्यावरण अभियंत्याने निस्तरायची. पण स्क्रबरने पकडलेला वायू पाण्यात उतरतो, पाणी साफ केलं की गाळ उरतो आणि तो पुरायला जागा लागते.

थ्रीएम कंपनीने १९७५मध्येच प्रदूषण उगमापाशी टाळण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. खरा दबाव आला तो १९८४च्या भोपाळ दुर्घटनेनंतर. १९८६च्या अमेरिकी कायद्याने कारखान्यांना विषारी रसायनांच्या निस्सरणाचे आकडे जाहीर करणं भाग पाडलं. १९९०च्या कायद्याने क्रम ठरवून दिला: आधी उगमात घट, मग पुनर्वापर, मग शुद्धीकरण आणि विल्हेवाट सर्वांत शेवटी.

वर्गात हे पटवायला इबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. जुन्या सहा टप्प्यांच्या पद्धतीत अभिकारकांच्या रेणुभारांची बेरीज ५१४.५ होते, औषधाचा रेणुभार २०६. म्हणजे वस्तुमानाचा जेमतेम ४० टक्के भाग कामी येतो. १९९२मध्ये उत्पादनात आलेल्या तीन टप्प्यांच्या पद्धतीत ही बेरीज २६६वर येते, प्रमाण ७७ टक्क्यांवर जातं, आणि उरलेलं ॲसिटिक आम्ल परत मिळवता येतं.

गणित इथेच थांबवलं तर मात्र विद्यार्थी फसतो. रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१मध्ये मांडलेल्या या टक्केवारीच्या मापात (ॲटम इकॉनॉमी) उत्प्रेरक आणि द्रावक धरले जात नाहीत. जुन्या पद्धतीत ॲल्युमिनियम क्लोराइड नावाला उत्प्रेरक, पण ते भरपूर लागायचं आणि शेवटी पाणी मिसळलेला रासायनिक कचरा होऊन बाहेर पडायचं. ४० टक्क्यांत त्याचा हिशेबच नाही. नव्या पद्धतीतलं हायड्रोजन फ्लोराइड परत वापरलं जातं, पण ते अतिशय घातक असतं, हेही त्याच तासाला सांगायला हवं. द्रावकांसकट कचरा मोजायचा तर रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांचा ई-घटक घ्यावा: एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा. औषधनिर्मितीत तो २५ ते १००च्या घरात जातो, कारण टप्पे अनेक आणि प्रत्येक टप्प्याला धुलाईचा द्रावक वेगळा.

अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८मध्ये हरित अभियांत्रिकीचा, म्हणजे आराखड्यातच प्रदूषण टाळण्याचा, कार्यक्रम हाती घेतला, पाठ्यसामग्री तयार केली, प्राध्यापकांना प्रशिक्षण दिलं. २००३मध्ये पॉल ॲनास्टास आणि ज्युली झिमरमन या शास्त्रज्ञांनी हरित अभियांत्रिकीची बारा तत्त्वं मांडली. तरीही डिझाइन प्रकल्पात पर्यावरणाचं प्रकरण शेवटच्या आठवड्यात जोडण्याची सवय टिकून आहे. तोवर अभिक्रियेचा मार्ग, द्रावक आणि फ्लोशीट (कारखान्यातल्या प्रक्रियेचा आराखडा) पक्की झालेली असते, आणि विद्यार्थ्याच्या हाती पुन्हा स्क्रबरचा आकार काढणं एवढंच उरतं. पर्यावरणाचं मूल्यमापन मार्ग निवडतानाच व्हायला हवं, जेव्हा हाती फक्त अभिक्रिया आणि रेणुभार असतात.