घरची लाइन, बिल अन् तुमचा हक्क : आमच्या गिऱ्हाइकांसाठी माहिती

भाऊ-ताई हो, आम्ही घरची वायरिंग, पंखे, कूलर, मोटारीचं काम करतो, बिल काही आम्ही काढत नाही. पण दुकानात किती तरी जण बिलच हातात घेऊन येतात, म्हणून हे छापून ठेवलं.

बिल आलं की आधी रक्कम नका बघू. आधी चालू रीडिंग बघा अन् घरच्या मीटरवरचा आकडा तिच्याशी जुळतो का ते पाहा. रीडिंगच्या जागी आरएनए (म्हणजे रीडिंग मिळाली नाही), लॉक नाहीतर फॉल्टी असं काही असलं तर समजा की मीटर वाचलंच नाही, युनिट अंदाजे टाकले. केंद्राच्या 2020 च्या वीज ग्राहक हक्क नियमाप्रमाणे असं अंदाजे बिल एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा देता येत नाही.

खरा पैसा जातो तो पुढच्या बिलात. समजा तीन महिने रीडिंग झाली नाही अन् मग एकदम 360 युनिट आले. घरगुती दर 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 असे स्लॅबनं चढत जातात. सगळे युनिट एकाच महिन्यात धरले तर स्वस्तात फक्त 100 बसतात अन् 60 युनिट पार तिसऱ्या स्लॅबमध्ये जातात. पण ते तर तीन महिन्यांचे आहेत ना, महिन्याला 120, म्हणजे 300 युनिट पहिल्या दरानं अन् फक्त 60 दुसऱ्या दरानं लागायला पाहिजे, अन् मधात भरलेले अंदाजे बिलाचे पैसेही वजा व्हायला पाहिजे. ही वाटणी झाली का हे विचारणं तुमचा हक्क आहे. मे महिन्यात रात्रभर दोन-दोन कूलर चालतात तेव्हा युनिट खरंच वाढतात, ती गोष्ट वेगळी.

मीटर पळते असं वाटलं तर टेस्टिंगचा अर्ज द्या, फी लागते, पण मीटर खराब निघालं तर ती वापस मिळते. अन् खराब मीटरपायी बिल दुरुस्त करायचं तर जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांचंच.

लाइन कापायच्या आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायदा 2003, कलम 56. बिलावर वाद असला तर त्याच कलमात सोय आहे, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी, यातली जी कमी असेल ती "हरकत ठेवून" भरायची, मग वाद मिटेपर्यंत लाइन कापता येत नाही. आमच्या मते ही गोष्ट गावागावात माहीत व्हायला पाहिजे, कारण लाइन कटेल या भीतीनंच लोक चुकीचं बिलही उसनंपासनं करून भरून टाकतात.

तक्रार नुसती लाइनमनला सांगून सोडू नका. 1912 वर नोंदवा, नंबर लिहून ठेवा, अन् ऑफिसात लेखी अर्ज देऊन त्याच्या झेरॉक्सवर तारखेसह पोच घ्या. तिथं काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, दोन वर्षांच्या आत जायचं, साध्या मराठीतला अर्ज चालतो, वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर 60 दिवसांत विद्युत लोकपाल, त्यांचं ऑफिस आपल्या नागपूरलाच आहे. आकडा टाकल्याची, चोरीची केस असली तर मात्र मंच ऐकत नाही.

नवीन मीटरसाठी खेड्यात 15 दिवसांची मुदत आहे (केंद्राचा 2024 चा बदल), खांब-तार वाढवायची असली तर जास्त वेळ लागतो. डिपॉझिटवर दरवर्षी व्याज मिळते, तेही बिलात जमा झालं का पाहत जा.

अन् "आज रात्री लाइन कटेल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर फोन करू नका, ती लुबाडणूक आहे.

बिल समजत नसलं तर मागची बिलं घेऊन दुकानात या, आम्ही वाचून देऊ, अर्जही लिहून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.