बक्स काउंटी हिस्टॉरिकल सोसायटी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील बक्स काउंटीच्या इतिहासाची साधने जपणारी, सभासदांच्या बळावर उभी असलेली बिनसरकारी संस्था. स्थापना १८८०. मुख्य ठाणे डॉयल्सटाउन. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पेनसिल्व्हेनियाचे संस्थापक विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये आखलेल्या तीन मूळ काउंट्यांपैकी बक्स ही एक. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सैन्यासह डेलावेअर नदी ओलांडली ती याच काउंटीच्या काठावरून. एवढा प्रसंग पदरी असताना संस्थेचे नाव झाले ते मात्र रंधे, भाते, चरखे आणि लोणी काढण्याच्या लाकडी पिंपांमुळे.

अमेरिकेतील पहिले इतिहास मंडळ १७९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये निघाले. काउंटीच्या पातळीवर हे लोण पोचायला बराच काळ जावा लागला. स्वातंत्र्याची शंभर वर्षे साजरी करणारे मोठे प्रदर्शन १८७६ मध्ये फिलाडेल्फियात भरले, आणि त्या सुमारास गावोगावी आपापला इतिहास लिहिण्याची हौस वाढली. जनरल विल्यम वॉट्स हार्ट डेव्हिस यांनी त्याच वर्षी बक्स काउंटीचा इतिहास प्रसिद्ध केला. चार वर्षांनी संस्था निघाली तेव्हा तेच पहिले अध्यक्ष झाले.

संस्थेला वेगळे वळण दिले हेन्री चॅपमन मर्सर (१८५६–१९३०) यांनी. संस्थापक सभासदांत तेही होते. हार्वर्डचे पदवीधर, शिक्षणाने वकील. पण वकिलीपेक्षा त्यांचा जीव उत्खननात रमे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयात ते काही वर्षे पुरातत्त्वाचे अभिरक्षक होते. १८९७ मध्ये जुन्या पद्धतीच्या चुलाण्याचे सामान शोधत ते एका अडगळीच्या ढिगाशी पोचले. लिलावात कवडीमोलाने गेलेली ती हत्यारे पाहून त्यांच्या ध्यानात आले, की आपण जमिनीखाली जे शोधतो तेच इथे उघड्यावर गंजत पडले आहे. कारखान्यांचा माल आल्यावर हातकामाची अवजारे एका पिढीत निकामी झाली होती. ती कशी वापरायची हे सांगणारी माणसे अजून हयात होती. आणखी वीस वर्षांनी नसती. मर्सरनी गाडी जुंपली आणि शेतघरे, माळे, लिलाव पालथे घातले. त्याच वर्षी या वस्तूंचे प्रदर्शनही भरवले. आपल्याकडच्या बलुतेदारांची हत्यारे कुणी अशी वेळेवर गोळा केली असती तर, असा विचार मराठी वाचकाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

संग्रहासाठी मर्सर संग्रहालय १९१३ ते १९१६ दरम्यान बांधले गेले, तेही सळईबंद काँक्रीटचे. काँक्रीटच का, याला घरातले कारण आहे. १८७२ च्या बोस्टनच्या आगीत मावशीकडचा जुन्या चिलखतांचा संग्रह जळून गेला होता. मर्सर वास्तुविशारद नव्हते, आणि त्यांनी कुणाला नेमलेही नाही. आठदहा रोजंदारीचे मजूर आणि काँक्रीट ओढायला लूसी नावाची घोडी, एवढ्यावर काम झाले. संग्रहालय त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केले.

आत शिरल्यावर आधी मान वर जाते. मधला चौक वरपर्यंत मोकळा आहे आणि त्यात देवमाशाच्या शिकारीची होडी, मालवाहू कोनेस्टोगा गाडी, पाळणे, खुर्च्या असे सगळे छताला आणि कठड्यांना टांगलेले. जागेची टंचाई हे कारण खरेच. पण रोजची वस्तू अशी अधांतरी दिसली की तिच्याकडे लक्ष जाते, हेही तितकेच खरे. चौकाभोवती मजल्यामजल्यावर काचेआड कोनाडे आहेत आणि एकेका कोनाड्यात एकेक धंदा : चांभार, टोप्या करणारा, घड्याळजी, कल्हईच्या पत्र्याची भांडी घडवणारा. साठाच्या आसपास धंदे आणि ३० हजारांवर वस्तू. अगदी वर फाशी देण्याची चौकटही आहे. सगळे एका दिवसात पाहू नये. दोनतीन धंदे धरावेत आणि हत्यारांच्या झिजलेल्या मुठी पाहाव्यात. जुन्या इमारतीत हिवाळ्यात चांगलीच थंडी असते. कोट काढून ठेवू नये. २०११ मध्ये जोडलेल्या नव्या भागात फिरती प्रदर्शने भरतात.

मर्सर यांचे राहते घर, फॉन्टहिल (१९०८–१२), हेही संस्थेकडेच आहे. खोल्या ४४, खिडक्या दोनशेंवर, शेकोट्या १८. छते घडवण्याची रीत अफलातून होती. फळ्यांच्या मंचावर मातीचा ढीग रचून त्याला घुमटाचा आकार द्यायचा, वाळूत फरश्या पालथ्या मांडायच्या, वरून काँक्रीट ओतायचे. ते सुकले की खालची माती काढून घ्यायची. घर पुरे झाल्यावर मर्सरनी छपरावर होळी पेटवली, हे जळत नाही हे लोकांना दिसावे म्हणून. हे घर मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते, आणि आधी वेळ ठरवून गेलेले बरे. जिने अरुंद आणि पुष्कळ आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी विचार करून जावे.

शेजारचा मोरेव्हियन पॉटरी अँड टाइल वर्क्स हा फरश्यांचा कारखाना मर्सर यांचाच. आज त्याची मालकी काउंटी सरकारकडे आहे. तोही संस्थेचाच, अशी पाहुण्यांची इथे हमखास गफलत होते. हॅरिसबर्गच्या राज्य विधिमंडळ भवनातली जमीन मर्सर यांच्या फरश्यांची आहे. तिच्यावरच्या सुमारे ४०० चित्रांत राज्याचा इतिहास आहे, आणि त्यात कामकरी माणसे, अवजारे, पक्षी, कीटक यांना भरपूर जागा आहे.

गावकऱ्यांचा संस्थेशी संबंध येतो तो बराचसा कार्यक्रमांतून. १९७४ पासून अनेक वर्षे इथे वसंतात लोककलांचा मेळा भरे. लोहार, सूत काढणाऱ्या बाया, बुरूड आपापले काम लोकांदेखत करत. कोनाड्यात मुकी पडलेली हत्यारे तिथे चालती दिसत. फॉन्टहिलच्या हिरवळीवर ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, जुन्या थाटात साजरा होतो : सजवलेल्या सायकलींची मिरवणूक आणि कलिंगड खाण्याची शर्यत. नाताळच्या दिवसांत घर संध्याकाळीही दाखवतात. या गर्दीपासून दूर, संग्रहालयाच्या स्प्रुअन्स ग्रंथालयात जुनी कागदपत्रे, वर्तमानपत्रे, वंशावळी चाळणारे लोक बसलेले असतात. बहुतेक जण आपले पणजोबा शोधत आलेले.

फिलाडेल्फियाहून डॉयल्सटाउनपर्यंत लोकल गाडी जाते आणि तिथेच संपते. संग्रहालयासमोरच्या जुन्या तुरुंगात १९८८ पासून मिशेनर कलासंग्रहालय आहे. वेळ असल्यास तेही पाहून होते. मुले बरोबर असतील तर मर्सर संग्रहालयाच्या जिन्यातले पंजे त्यांना शोधायला सांगावेत. काँक्रीट ओले असताना मर्सर यांचा कुत्रा रोलो त्यावरून चालत गेला होता.