डेव्हपीटीएस : कंटेनरसाठी विलग स्यूडो-टर्मिनल फाइलसिस्टीम

डेव्हपीटीएस ही लिनक्स कर्नलमधली (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातली) एक आभासी फाइलसिस्टीम आहे. डिस्कवर तिचे काहीही साठवलेले नसते. चालू असलेल्या प्रत्येक स्यूडो-टर्मिनलसाठी, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या टर्मिनलसाठी, तिच्यात एक डिव्हाइस फाइल दिसते आणि टर्मिनल बंद झाले की ती नाहीशी होते. एकाच कर्नलवर अनेक कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोसेसचे गट) चालत असतील, तर प्रत्येकाला स्वतःची वेगळी डेव्हपीटीएस देता येते. एका कंटेनरचे टर्मिनल दुसऱ्याला दिसत नाही आणि यजमान यंत्राचे टर्मिनल कोणत्याच कंटेनरला दिसत नाही. ही सोय २००९ साली कर्नलच्या २.६.२९ आवृत्तीत ऐच्छिक म्हणून आली. २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून तीच एकमेव रीत झाली. मधली सात वर्षे घोडे अडले होते ते एका डिव्हाइस फाइलच्या जागेवरून.

स्यूडो-टर्मिनल

दूरच्या यंत्रावर एसएसएचने लॉगिन केले, किंवा पडद्यावर टर्मिनलची खिडकी उघडली, की मागे स्यूडो-टर्मिनलची एक जोडी तयार होते. तिचे मास्टर टोक एसएसएच सर्व्हर किंवा खिडकीच्या प्रोग्रामकडे राहते. स्लेव्ह टोक शेलला (हुकूम घेणाऱ्या प्रोग्रामला) मिळते. शेलच्या दृष्टीने ते खरेच टर्मिनल असते: कंट्रोल-सी दाबल्यावर सिग्नल येतो, ओळ पूर्ण होण्याआधी बॅकस्पेस चालतो, खिडकीची रुंदी विचारता येते. हे सगळे काम कर्नलमधला टर्मिनल हाताळणारा टीटीवाय थर करतो.

बीएसडी युनिक्समध्ये या जोड्या आधीच ठरलेल्या नावांनी डेव्ह डिरेक्टरीत पडून असत. सोळा अक्षरे आणि सोळा अंक मिळून कमाल २५६ जोड्या. प्रोग्रामने एकेक नाव उघडून पाहायचे आणि जी मोकळी सापडेल ती घ्यायची. स्लेव्ह टोकाची मालकी बदलायला रूटचे (सर्वाधिकारी वापरकर्त्याचे) अधिकार लागत, आणि ती बदलेपर्यंत दुसऱ्याच कोणी ते टोक उघडून ठेवण्याचा धोका असे. सिस्टीम फाइव्हच्या पद्धतीने ही शोधाशोध संपवली. पीटीएमएक्स नावाची एकच डिव्हाइस फाइल उघडायची. कर्नल दर वेळी नवी जोडी तयार करून मास्टर टोक हाती देतो आणि स्लेव्ह टोक पीटीएस डिरेक्टरीत एखाद्या क्रमांकाच्या नावाने उमटते. पुढे हीच पद्धत सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशनमध्ये गेली. लिनक्समध्ये तिच्यासाठी एच. पीटर अॅन्विन यांनी डेव्हपीटीएस लिहिली, आणि १९९९ च्या २.२ मालिकेपासून ती सर्वांच्या हाती आली.

या मांडणीत एक गोष्ट सुरुवातीपासून तिरपी होती. स्लेव्ह टोके /डेव्ह/पीटीएस या माउंटच्या (तिथे जोडलेल्या फाइलसिस्टीमच्या) आत राहत, पण त्यांना जन्म देणारी /डेव्ह/पीटीएमएक्स ही फाइल त्या माउंटच्या बाहेर, वरच्या डिरेक्टरीत होती. यंत्रावर डेव्हपीटीएस एकच असेपर्यंत त्याने काही बिघडत नव्हते.

एकाच यादीची अडचण

२.६.२९ पूर्वी डेव्हपीटीएस कितीही ठिकाणी माउंट केली तरी आतली यादी एकच असे. कंटेनरला स्वतःचे माउंट नेमस्पेस आणि प्रोसेस नेमस्पेस (माउंटची आणि प्रोसेसची वेगळी यादी) दिले, तरी त्याच्या /डेव्ह/पीटीएसमध्ये डोकावले की यजमानाच्या आणि शेजारच्या कंटेनरच्या टर्मिनलांचे क्रमांक समोर दिसत. नुसते दिसण्यावर भागत नव्हते. युझर नेमस्पेस (वापरकर्त्यांची वेगळी यादी) नसलेल्या कंटेनरातला रूट हा कर्नलच्या लेखी खराच रूट असतो. तो दुसऱ्याच्या स्लेव्ह फाइलवर लिहू शकत होता आणि तिथे टाइप होणारी अक्षरे मधल्या मधे वाचून घेऊ शकत होता. पुरेसे अधिकार असल्यास टीआयओसीएसटीआय ही आयओसीटीएल (डिव्हाइसला द्यायची विशेष आज्ञा) वापरून जणू समोरच्या माणसानेच टाइप केल्याप्रमाणे हुकूमही घुसवू शकत होता. (ही आयओसीटीएल इतकी त्रासदायक ठरली की ६.२ आवृत्तीत ती सरसकट बंद ठेवण्याचा पर्याय द्यावा लागला.)

दुसरी अडचण क्रमांकांची होती. चालता कंटेनर गोठवून दुसऱ्या यंत्रावर नेऊन पुन्हा सुरू करायचा, तर त्यातल्या प्रोसेसना आधीचेच टर्मिनल क्रमांक परत मिळायला हवेत. नव्या यंत्रावर समजा ४ हा क्रमांक आधीच कोणाकडे असेल, तर एकाच यादीत त्यावर तोडगा निघत नाही.

तिसरी अडचण क्षुल्लक वाटते, प्रत्यक्षात तिनेच जास्त छळले. यादी एक म्हणजे माउंटचे पर्यायही एकच. यजमानावर डेव्हपीटीएस ‘जीआयडी=५, मोड=६२०’ अशा पर्यायांनी माउंट झालेली असते, म्हणजे नवे स्लेव्ह टोक आपोआप टीटीवाय गटाकडे जाते. एखाद्या क्रूट (मूळ डिरेक्टरी बदलून प्रोग्राम चालवणाऱ्या) स्क्रिप्टने आत डेव्हपीटीएस पर्यायांविना माउंट केली, की यजमानाचेही पर्याय पुसले जात. मग नव्या टर्मिनलांची गटमालकी चुके आणि ती दुरुस्त करायला जीलिबसी या मूलभूत सी लायब्ररीला पीटी-चाऊन हा सेटयूआयडी रूट (कोणीही चालवला तरी रूटच्या अधिकारांनी चालणारा) मदतनीस बाळगावा लागे. त्या मदतनीसातच सीव्हीई-२०१३-२२०७ हे सुरक्षेतले भगदाड सापडले: फ्यूज (साध्या वापरकर्त्यालाही उभारता येणाऱ्या) फाइलसिस्टीमच्या आडून दुसऱ्याच्या टर्मिनलवर ताबा मिळवता येत होता. जीलिबसी २.१८ पासून तो मुळातच बांधला जात नाही. पण डेव्हपीटीएसचे पर्याय कोणीही पुसून टाकू शकत असताना त्याला कायमची रजा देणे अवघड होते.

न्यूइन्स्टन्स

२००८ मध्ये सुरुवातीला मांडलेल्या पॅचेसमध्ये (कर्नलमधल्या प्रस्तावित बदलांमध्ये) टर्मिनलांसाठी वेगळे नेमस्पेस आणि नवी प्रोसेस बनवणाऱ्या क्लोन कॉलला नवा ध्वज असा विचार होता. तो मागे पडला. त्या कॉलमधले ध्वजांचे बिट संपत आले होते. शिवाय टर्मिनलांची यादी मुळात फाइलसिस्टीम आहे, आणि फाइलसिस्टीमला वेगळेपण द्यायला माउंट पुरेसे असते. आयबीएमचे सुकदेव भट्टिप्रोलू यांच्या पॅचेसने हीच वाट धरली: माउंट करताना न्यूइन्स्टन्स हा पर्याय दिला, की नवा सुपरब्लॉक (म्हणजे फाइलसिस्टीमची स्वतंत्र प्रत) आणि शून्यापासून सुरू होणारी नवी क्रमवारी. प्रस्तुत लेखकाच्या मते ही निवड अचूक होती. जिथे माउंटने काम भागते तिथे नवे नेमस्पेस आणणे म्हणजे पुढच्या प्रत्येक साधनाला एक जास्तीची गोष्ट शिकवणे.

आतली रचना त्यामुळे साधी राहिली. प्रत्येक सुपरब्लॉकसोबत त्या प्रतीचे पर्याय आणि वाटलेल्या क्रमांकांची नोंद राहते. मास्टर उघडताना कोणत्या प्रतीतून क्रमांक घ्यायचा हे ठरते, आणि स्लेव्ह उघडताना कर्नल डिव्हाइस क्रमांकावरून नव्हे, तर उघडलेल्या फाइलच्या डेव्हपीटीएसमधल्या नोंदीवरून टर्मिनल शोधतो. म्हणून कंटेनरात एमकेनॉड या डिव्हाइस फाइल बनवणाऱ्या आज्ञेने मेजर १३६ ची (स्लेव्ह टोकांचा डिव्हाइस क्रमांक असलेली) फाइल दुसरीकडे बनवून शेजाऱ्याचे टर्मिनल गाठता येत नाही. डेव्हपीटीएसच्या बाहेरची अशी फाइल उघडतच नाही.

उरला प्रश्न बाहेरच्या पीटीएमएक्सचा. /डेव्ह/पीटीएमएक्स उघडले तर ते कोणत्या प्रतीचे? २.६.२९ चे उत्तर असे होते: प्रत्येक डेव्हपीटीएसच्या आत तिची स्वतःची पीटीएमएक्स फाइल असेल, आणि बाहेरची जुनी फाइल नेहमी मूळ, म्हणजे यजमानाच्या प्रतीकडेच जाईल. कंटेनर उभारणाऱ्याने /डेव्ह/पीटीएमएक्स ही पीटीएस/पीटीएमएक्सकडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) करायची किंवा तिथे बाइंड माउंट करायचे, म्हणजे आतली फाइलच त्या जागी जोडायची. आतल्या फाइलचे परवाने मुद्दाम ०००० ठेवले होते; ती वापरायची तर पीटीएमएक्समोड=६६६ असा पर्याय आठवणीने द्यावा लागे.

ही पायरी चुकली की होणारा घोटाळा विचित्र असे. मास्टर यजमानाच्या यादीतून मिळे, प्रोग्रामला स्लेव्हचे नाव समजा /डेव्ह/पीटीएस/७ असे सांगितले जाई, आणि कंटेनराच्या पीटीएसमध्ये ७ हा क्रमांक एक तर नसे, किंवा असला तर तो भलत्याच टर्मिनलचा असे.

४.७ मधला बदल

सरळ उपाय उघड होता: प्रत्येक माउंट ही नवी प्रत माना आणि न्यूइन्स्टन्सची गरजच संपवा. पण सुरू असलेले प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा लिनक्सचा दंडक आहे. लिनक्सची कित्येक वितरणे (वापरायला तयार संच) बूट होताना डेव्हपीटीएस दोनदा माउंट करत: एकदा सुरुवातीच्या रॅमफाइलसिस्टीममधून, एकदा पुढच्या स्क्रिप्टमधून. दुसरे माउंट वेगळी प्रत झाले आणि पीटीएमएक्स पहिलीकडेच जात राहिले, तर लॉगिनच बंद. सर्व वितरणांना सिमलिंक करायला सांगणे हाही व्यवहार्य मार्ग नव्हता, कारण जुन्या वितरणांवर नवा कर्नल चालवणारे लोक असतात.

एरिक बीडरमन यांच्या बदलाने ही कोंडी फोडली. /डेव्ह/पीटीएमएक्स उघडताना कर्नल आता ती फाइल ज्या डिरेक्टरीत आहे त्याच डिरेक्टरीत ‘पीटीएस’ नावाची नोंद शोधतो. तिथे डेव्हपीटीएस माउंट असेल तर तीच प्रत वापरली जाते, नसेल तर उघडणे फसते. सिमलिंक नको, बाइंड माउंट नको. कंटेनरात पीटीएमएक्स आणि पीटीएस शेजारी शेजारी असली की जोडी आपोआप जुळते, आणि यजमानावर दोनदा माउंट झाले तरी वरचे माउंट सापडते. डिव्हाइस फाइल उघडताना कर्नलने शेजारच्या नावाचा शोध घ्यावा, हे शुद्धतावाद्यांना खटकेल. इतर फाइली असे वागत नाहीत. तरीही यापेक्षा कमी मोडतोड करणारा मार्ग डोळ्यांसमोर येत नाही. न्यूइन्स्टन्स हा पर्याय अजून स्वीकारला जातो, पण त्याने काहीही बदलत नाही. कंटेनरांच्या मांडणीच्या फाइलींमध्ये तो आजही सवयीने लिहिलेला आढळतो.

दरम्यान, ३.९ आवृत्तीपासून युझर नेमस्पेसमधल्या रूटलाही डेव्हपीटीएस माउंट करण्याची मुभा मिळाली होती. रूटविना चालणाऱ्या कंटेनरांना ती अत्यावश्यक आहे.

क्रमांकावरून ओळख पटत नाही

विलग प्रतींमुळे एक जुने गृहीतक मोडले. यजमान आणि दहा कंटेनर या सर्वांकडे पीटीएस/० असू शकते, आणि सर्वांचा डिव्हाइस क्रमांक तोच असतो. प्रोसेसची यादी दाखवणारी पीएस ही आज्ञा प्रोसेसच्या माहितीत मिळालेल्या डिव्हाइस क्रमांकावरून टीटीवायचा रकाना भरते, त्यामुळे यजमानावर पाहिले तर असंबद्ध प्रोसेस एकाच टर्मिनलवर बसल्यासारख्या दिसतात. पीकिलला टर्मिनलचे नाव देऊन प्रोसेस मारणाऱ्या प्रशासकाने हे लक्षात ठेवलेले बरे. ती आज्ञाही क्रमांकच जुळवते आणि कंटेनरातल्या प्रोसेस तिच्या तडाख्यात सापडतात.

उलट बाजूची गंमतही नेहमीची. बाहेर तयार झालेले टर्मिनल कंटेनरातल्या प्रोसेसला वारसाहक्काने मिळाले, तर आत टीटीवाय ही आज्ञा ‘टर्मिनल नाही’ असे उत्तर देऊ शकते. टर्मिनल धडधडीत चालू असते. फक्त त्याला आतल्या फाइलसिस्टीममध्ये नाव नसते.

कंटेनर रनटाइममधला वापर

यावर उपाय म्हणून रनसीसारखा रनटाइम (कंटेनर सुरू करणारा प्रोग्राम) जोडी कंटेनराच्याच डेव्हपीटीएसमध्ये तयार करतो, मास्टर टोक युनिक्स सॉकेटवरून बाहेरच्या व्यवस्थापकाकडे पाठवतो आणि स्लेव्ह टोक आतल्या /डेव्ह/कन्सोलवर बाइंड माउंट करतो. इथे विश्वासाचा प्रश्न येतो. मास्टर हातात आहे, स्लेव्ह उघडायचा आहे, पण तो मार्गाच्या नावाने उघडायचा तर कंटेनरातल्या /डेव्ह/पीटीएसवर विसंबावे लागते, आणि तिथे आतल्या प्रोसेसने काय मांडून ठेवले असेल याची खात्री नसते. ४.१३ आवृत्तीत आलेली टीआयओसीजीपीटीपीअर ही आयओसीटीएल मास्टरवरूनच थेट स्लेव्ह उघडून देते, नाव मधे येतच नाही. अलेक्सा सराई यांनी ती याच गरजेपोटी आणली. नावावर विसंबण्याची किंमत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिसली. रनसीमधल्या सीव्हीई-२०२५-५२५६५ या त्रुटीत, कन्सोलचे बाइंड माउंट होत असतानाच मूळ फाइलची अदलाबदल करून एरवी झाकलेल्या फाइली कंटेनरात लिहिण्याजोग्या करता येत होत्या.

मर्यादा

प्रती वेगळ्या झाल्या तरी कर्नलची स्मृती एकच असते. सर्व प्रती मिळून टर्मिनलांची कमाल संख्या कर्नलच्या पीटीवाय-मॅक्स या मूल्याने ठरते. ते मुळात ४०९६ असते. त्यातली १०२४ टर्मिनले यजमानाच्या मूळ माउंट नेमस्पेसमधून माउंट झालेल्या प्रतींसाठी राखीव असतात, म्हणजे एखाद्या कंटेनराने हावरटपणे टर्मिनले उघडली तरी प्रशासकाला आत शिरायला जागा उरते. ही राखीव जागा आणि प्रत्येक माउंटला मॅक्स हा पर्याय देऊन वेगळी मर्यादा घालण्याची सोय, दोन्ही ३.४ आवृत्तीत आल्या. वेगळ्या मर्यादेवर फार भिस्त ठेवता येत नाही: ज्याला माउंट करण्याचा अधिकार आहे तो मर्यादेविना दुसरी प्रत माउंट करू शकतो. खरा बांध राखीव जागेचाच.

इतर ऑपरेटिंग सिस्टीम

फ्रीबीएसडीने वेगळी वाट निवडली. तिथे टर्मिनलांची यादी एकच आहे, पण प्रत्येक टर्मिनल कोणत्या जेलमध्ये (तिथल्या कंटेनरसारख्या कप्प्यात) तयार झाले हे डेव्हएफएस ही डिव्हाइस फाइलींची फाइलसिस्टीम लक्षात ठेवते आणि दुसऱ्या जेलला ते दाखवत नाही. क्रमांक त्यामुळे यंत्रभर एकमेव राहतात आणि पीएसचा गोंधळ होत नाही. मात्र जेल दुसऱ्या यंत्रावर तशाच क्रमांकांनिशी हलवणे या रचनेत बसत नाही. नेटबीएसडीची पीटीवायएफएस लिनक्सच्या अधिक जवळची आहे. तीही माउंट करण्याची फाइलसिस्टीम आहे, आणि क्रूटमध्ये वेगळे टर्मिनल देता यावे म्हणून तिलाही एकाहून अधिक ठिकाणी माउंट होण्याची क्षमता नंतर देण्यात आली.