फिरत्या चाकावरचं चुंबक सुटत कसं नाही?

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागांमधून एक प्रश्न हमखास येतो. विहिरीवर डिझेल इंजिन आहे, त्याला दोन फुटी बिडाचं चाक आहे, आणि पाणी चालू असेस्तोवर ते फिरतंच आहे. मग त्याच चाकाला चुंबकं चिकटवली, शेजारी तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या बसवल्या, तर बागेतल्या खोलीतला दिवा आणि पंखा का चालू नये?

चालेल की. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलं तेच इथे घडणार. तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की तारेत विद्युतदाब तयार होतो. बदल जितका झपाट्याने, तितका दाब जास्त. त्यामुळे वीज तयार होईल का, ही शंका बाळगायचं कारणच नाही. खरी अडचण चुंबकं चिकटवण्यात आहे, आणि ती भल्याभल्यांना आधी दिसत नाही.

ही युक्ती मोटारगाडीइतकीच जुनी म्हणता येईल. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत इंजिनच्या फ्लायव्हीलवरच, म्हणजे त्याच्या जड फिरत्या चाकावरच, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची सोळा चुंबकं पक्की केलेली असत आणि त्यांच्यासमोर एका स्थिर तबकडीवर सोळा गुंडाळ्या असत. ठिणगीसाठी लागणारी वीज तिथून मिळे. आज नागपूरच्या रस्त्यावर धावणाऱ्या जवळपास प्रत्येक पेट्रोल दुचाकीत तेच तत्त्व आहे. इंजिनच्या एका बाजूचं झाकण उघडलं की क्रँकच्या टोकावर घट्ट बसलेलं एक खोलगट पोलादी चाक दिसतं. गॅरेजमध्ये त्या अख्ख्या चाकालाच ‘मॅग्नेट’ म्हणतात आणि त्याच्या पोटातल्या स्थिर गुंडाळ्यांना ‘कॉइल प्लेट’. चुंबकं चाकाच्या आतल्या भिंतीला लावलेली असतात, एक उत्तर ध्रुव, त्याच्या शेजारी दक्षिण, पुन्हा उत्तर, अशी आळीपाळीने. चाक फिरलं की स्थिर गुंडाळीसमोरून हे ध्रुव उलटसुलट धावतात. समजा ध्रुवांच्या सहा जोड्या आहेत आणि इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतंय, तर सेकंदाला ३०० आवर्तनांची वीज तयार होते. घरच्या विजेची आवर्तनं ५०.

जुन्या लुना-स्कूटरवाल्यांना याचा प्रत्यय रोज रात्री यायचा. गाडी सिग्नलला थांबली की पुढचा दिवा मिणमिणायचा आणि रेस दिली की लख्ख व्हायचा. फेरे वाढले की दाब वाढतो, हे फॅरेडेचं म्हणणं अंधाऱ्या रस्त्यावर असं डोळ्यांना दिसायचं. आता मध्ये बॅटरी असते आणि ‘आरआर युनिट’ असतं, म्हणजे गुंडाळीतल्या उलटसुलट विजेला एकदिश करून तिचा दाब आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर. कायमचं चुंबक हवं तेव्हा बंद करता येत नाही, म्हणून जास्तीची वीज कुठेतरी जिरवावी लागते. बहुतेक दुचाक्यांत हे युनिट ती वीज गुंडाळीच्या टोकांतच परत फिरवून तिची उष्णता करून टाकतं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही चालूच राहतो, त्यामुळे या व्यवस्थेवरचा भार पूर्वीपेक्षा वाढलेला आहे.

आता चिकटवण्याकडे येऊ.

दुचाकीच्या चाकात चुंबक मध्यापासून सुमारे सहा सेंटिमीटरवर असतं. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असताना त्याला गोल फिरत ठेवण्यासाठी लागणारं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास २,४०० पट असतं. म्हणजे हातात घेतलं तर २० ग्रॅम भरणारं चुंबक त्या वेगाला ४८ किलोच्या ओझ्यासारखं वागतं. हे गणित फेऱ्यांच्या वर्गाने वाढतं, ही त्यातली खरी मेख. फेरे निम्मे केले की ओझं चौथ्या हिश्शावर, १२ किलोवर येतं; आणि ९,००० वर नेले की शंभर किलोच्या वर जातं. शेतात पाखरं हाकलणाऱ्या गोफणीतला दगड सोडेपर्यंत दोरी ताणून धरतो तो याच कारणाने, फक्त इथे दोरी कधीच सोडायची नाही.

म्हणूनच चुंबकं भिंतीच्या आतल्या बाजूला असतात. फिरणारी वस्तू बाहेरच्या दिशेला रेटत असते, आणि बाहेर पोलादाची अखंड भिंत आहे. तेव्हा इंजिन जितकं जोरात पळेल तितकं चुंबक भिंतीवर जास्त दाबलं जातं. फेकलं जाण्याची धास्ती होती, तीच ताकद आता चुंबकाला धरून ठेवते. मला या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. हेच चुंबक चाकाच्या बाहेरच्या कडेला चिकटवलं असतं तर तेच ४८ किलो गोंदाला उपटायला लागले असते. हिरवळ कापायच्या यंत्रांच्या छोट्या इंजिनांत चुंबक बाहेरच्या कडेला असतं खरं, पण तिथे ते चिकटवलेलं नसतं, अॅल्युमिनियमचं चाक ओततानाच धातूत रुतवलेलं असतं.

मग आतल्या बाजूला गोंदाला काय काम उरतं? उरतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. एका सिलिंडरचं चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतं. त्या स्फोटाला चाक झटकन पुढे जातं, बाकीच्या दीड फेऱ्यांत हळूहळू मंदावतं. आपल्याला आवाज सलग वाटतो, पण चुंबकाला मिनिटाला हजारो हिसके बसत असतात, एकदा पुढे, एकदा मागे. शिवाय गुंडाळ्यांच्या लोखंडी गाभ्यासमोरून प्रत्येक ध्रुव जाताना गाभा त्याला ओढतो. चुंबक आपण होऊन लोखंडाला चिकटतंच, मग गोंद कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण ते चिकटणं सरळ उपटायला अवघड असतं. आडवं सरकवायला त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाचं बळ पुरतं, आणि इथले हिसके नेमके आडवे आहेत.

मानेवाड्याकडच्या एका गॅरेजमध्ये असं सुटलेलं मॅग्नेट पाहायला मिळालं. गाडीची तक्रार एवढीच होती की बॅटरी टिकत नाही आणि डाव्या बाजूने खडखड येते. गाडी मात्र चालू होत होती. मिस्त्रीने चाकावर पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, चढवला, पाना पिळला, टक्कन आवाज होऊन चाक हातात आलं. “भाऊ, हातोडी नाही मारायची याच्यावर. एक ठोका अन् चुंबक तडकते,” हे त्याने शेजारी उभ्या पोराला सुनावलं. ते बरोबरच होतं. फेराइट चुंबक ही भाजलेली भुकटी असते, ठोका सोसत नाही. आत पाहिलं तर एक तुकडा जागेवरून घसरून शेजारच्या तुकड्याला जाऊन बिलगला होता. विरुद्ध ध्रुव शेजारी-शेजारी असतात, तेव्हा एकदा गोंद सुटला की दुसरं काही होणारच नाही. अशा वेळी दोघांचं बरंचसं चुंबकीय क्षेत्र एकमेकांतच मिटतं आणि गुंडाळीपर्यंत फारसं पोचत नाही. म्हणून बॅटरी उपाशी. ठिणगीची वेळ सांगणारा संवेदक या चाकाच्या बाहेरच्या उंचवट्याकडे बघतो, आतल्या चुंबकांशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून गाडी चालू होत होती.

जिथून तुकडा सुटला तिथे भिंत बऱ्यापैकी लखलखीत होती. गोंदाचा सगळा पापुद्रा चुंबकासोबत गेला होता. म्हणजे गोंद तुटला नव्हता, त्याने पोलादाला नीट धरलंच नव्हतं. तेलाचा पुसटसा थर राहिला तरी असं होतं. अशा जागी पोलाद आधी तेलमुक्त करायचं, मग खरखरीत पेपरने घासायचं, पुन्हा पुसायचं आणि मग गोंद लावायचा, तोही पातळ. बाजारातला झटपट चिकटणारा गोंद इथे कामाचा नाही. तो टेबलावर पोलादासारखा वाटतो, पण हिसक्याला ठिसूळ असतो आणि ८० अंश सेल्सिअसच्या आसपास ढिला पडू लागतो. दोन भागांचा, उष्णता सोसणारा इपॉक्सी लागतो. कारखान्यातून येणाऱ्या चाकांत गोंदाच्या जोडीला चुंबकांमध्ये अंतर राखणारे तुकडे आणि आतून बसवलेलं पातळ अचुंबकी पत्र्याचं कडंही असतं. ते अचुंबकीच हवं. लोखंडी पत्रा लावला तर क्षेत्र त्यातूनच आडवाट धरेल.

आणि मग आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, आणि इंजिनच्या झाकणाआडचं तापमान बाहेरच्या हवेवरच चढत जातं. तेल सहज १०० च्या पुढे असतं. सगळं तापलं की सगळं फुगतं, पण सारखं नाही. प्रत्येक अंशाला पोलाद मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं, अॅल्युमिनियम २३. १९८० च्या दशकात आलेलं निओडिमियम चुंबक तर एका दिशेने वाढतं आणि तिच्या काटकोनातल्या दिशेने किंचित आकसतं! दोन्ही बाजू वेगवेगळ्या ताणल्या जात असताना मधला गोंद रोज तापतो, रोज निवतो. फार कडक गोंद अशा ठिकाणी कडेपासून सुटायला लागतो.

निओडिमियमचं आणखी एक दुखणं. त्याची ताकद फेराइटच्या तिप्पट असते, म्हणून घरगुती प्रयोग करणारे तेच मागवतात. पण स्वस्तातल्या साध्या प्रतीच्या चुंबकाची मर्यादा सुमारे ८० अंश असते. त्याच्या पुढे तापलं तर गेलेली ताकद थंड झाल्यावरही पूर्ण परत येत नाही. १५० किंवा २०० अंश सोसणाऱ्या प्रती मिळतात, त्यांचे भावही तसेच. फेराइट अशक्त खरं, पण उष्णतेला चिवट. तापल्यावर त्याचं क्षेत्र थोडं उतरतं, निवलं की परत येतं. स्वस्त, गंज न चढणारं आणि आपल्या हवेला मानवणारं. दुचाकीवाल्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं ते सोडलं नाही यात नवल नाही.

हाच पेच फार मोठ्या मापात पाहायचा तर नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रात जावं लागेल. तिथल्या ६६० मेगावॉटच्या संचातला रोटर, म्हणजे जनित्राचा फिरता भाग, मिनिटाला ३,००० फेरे घेतो, ५० आवर्तनांसाठी तो वेग ठरलेलाच आहे. एवढ्या यंत्रात कायमचं चुंबक नसतं, तांब्याच्या गुंडाळीतून वीज सोडून रोटरचं चुंबक केलेलं असतं. पण त्या तांब्यालाही बाहेर उडायचंच असतं. मध्यापासून अर्ध्या मीटरवर, या वेगाला एक किलो तांबं पाच टनांच्या ओझ्यासारखं वागतं. रोटरच्या लांबीभर ते खाचांत पाचरी मारून बसवतात, आणि दोन्ही टोकांना वळणारा भाग खाचांबाहेर येतो त्यावर तापवलेलं पोलादी कडं चढवतात. निवताना ते आवळून बसतं. हे कडंही अचुंबकी लागतं. जगभर अशा कड्यांसाठी १८ टक्के मँगनीज आणि १८ टक्के क्रोमियम घातलेलं पोलाद वापरतात. मँगनीजमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि त्याचा चुंबकीय स्वभाव जातो. नागपूर जिल्ह्यातल्या मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींतून निघणारं मँगनीज आपल्याला रुळांच्या आणि पुलांच्या पोलादापुरतं ठाऊक असतं. त्याच्या या उपयोगाबद्दल इथे फारसं कुणी बोलत नाही.

तर बागेतलं इंजिन. जुन्या मंदगती इंजिनाचे फेरे मिनिटाला ६५० असतात. दोन फुटी चाकाच्या कडेला त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या १४० पट. ५० ग्रॅमच्या चुंबकाचे सात किलो. दुचाकीच्या मानाने किरकोळ, आणि हाच आकडा माणसाला धीर देतो. पण चुंबक बाहेरच्या कडेला चिकटवलं आणि सुटलं, तर ते ताशी सुमारे ७५ किलोमीटरने सुटेल, आणि सोबतीला अख्ख्या चाकाचा तोल जाईल. बिडाच्या चाकाला भोकं पाडून बोल्ट मारायचा विचार तर सोडूनच द्यावा. बीड ताणाला कच्चं असतं, आणि जुन्या चाकात न दिसणारी चीर असेल तर भोक तिला वाट करून देतं.

शिवाय वीज फुकट मिळत नाही. गुंडाळीतून वीज घ्यायला लागलं की त्या विजेचं स्वतःचं क्षेत्र चाकाला मागे ओढतं. दिवा लागला की इंजिन जड होतं, इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो. लहान इंजिनातून लिटरमागे दोन-अडीच युनिट वीज हाती लागली तरी पुष्कळ. पाण्यासाठी इंजिन चालूच आहे आणि त्यासोबत एखादी बॅटरी भरून घ्यायची, एवढ्यापुरता हिशेब जुळतो. पण त्यासाठी माझं मत विचाराल तर चाकाला हात लावू नका. भंगारातून गाडीचा चांगला अल्टरनेटर, म्हणजे तिची बॅटरी भरणारं जनित्र, आणा, चाकावरून पट्टा टाका, पुली लहान घ्या म्हणजे त्याचे फेरे वाढतील, झालं.

तरीही चुंबकांचाच प्रयोग करायचा असेल तर वेगळी पोलादी चकती लेथवर करून घ्यावी. चुंबकांसाठी खाचा अशा कोराव्यात की प्रत्येकाच्या बाहेरच्या अंगाला पोलादाची कड राहील. इपॉक्सी भरून वरून स्टेनलेसचा पट्टा आवळावा, तोल पाहावा, मगच ती शाफ्टवर चढवावी. आणि पहिल्यांदा हँडल मारताना गड्याला चाकाच्या रेषेत, पुढे किंवा मागे, उभं करू नये. सुटलेला तुकडा चाकाच्याच रेषेत जातो, तेव्हा जागा बाजूची.