गळूच न शकणारी टाकी

19 नोव्हेंबरचा जागतिक शौचालय दिन जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो: फ्लशच्या संडासाचा शोध व्हिक्टोरिया राणीच्या काळात थॉमस क्रॅपर या इंग्रज प्लंबरने लावला. क्रॅपर हा माणूस खरा होता. जन्म 1836 चा, मृत्यू 1910 चा. लंडनच्या चेल्सी भागात त्याचा प्लंबिंगचा मोठा धंदा होता, राजघराण्याची कामं त्याला मिळाली होती आणि त्याच्या नावावर नऊ पेटंटं होती. त्या नवांत फ्लशचा संडास मात्र नाही. 1969 मध्ये त्याच्यावर एक खुमासदार पुस्तक निघालं आणि तिथून ही दंतकथा जगभर गेली.

संडासात पाणी सोडून घाण वाहून नेण्याची युक्ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. सर जॉन हॅरिंग्टनने पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, 1596 च्या सुमाराला, तसा एक संडास बांधला होता. 1775 मध्ये लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने भांड्याखालच्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. नळीच्या त्या वळणात पाणी अडून राहतं आणि गटाराचा वास घरात येत नाही. 1778 मध्ये जोसेफ ब्रामाने यंत्रणा सुधारली. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्जने बसवलेले संडास आठ लाखांहून जास्त लोकांनी एकेक पेनी देऊन वापरले. 1883 मध्ये ट्वायफर्डने एकसंध चिनीमातीचं भांडं बाजारात आणलं. यातल्या कुणालाही एकट्याला 'जनक' म्हणता येत नाही.

या सगळ्यात मला मनापासून आवडतं ते 1898 सालचं 4990 क्रमांकाचं ब्रिटिश पेटंट. ते अल्बर्ट गिब्लिन या माणसाच्या नावावर आहे आणि त्याचा विषय आहे आवाज न करणारी, झडप नसलेली, पाणी वाया जाऊ न देणारी टाकी. सायफनवर, म्हणजे वाकड्या नळीतून पाणी आधी वर चढून मग आपोआप खाली वाहत राहण्याच्या युक्तीवर, चालणाऱ्या फ्लशचं एक पेटंट जोसेफ ॲडमसनने 1853 मध्येच घेतलं होतं, त्यामुळे गिब्लिनही पहिला नव्हे. क्रॅपरच्या कंपनीने या टाक्या आपल्या नावाने विकल्या, जाहिराती केल्या, आणि घोटाळ्याचं मूळ बहुधा तिथेच आहे. पण नावांचं राहू द्या. सगळी करामत झडप नसण्यात आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये पाणी खासगी कंपन्या पुरवत. घरोघर नवे संडास बसू लागले तशी कंपन्यांची झोप उडाली. संडासाच्या टाकीच्या तळाला भोक असे आणि त्यावर झडप. चामड्याचं वॉशर झिजलं, खडा अडकला, की झडप नीट बसायची नाही आणि पाणी दिवसरात्र झिरपत राहायचं. काही लोक तर नाला स्वच्छ राहावा म्हणून झडप मुद्दाम उघडी अडकवून ठेवत. शेवटी 1871 च्या मेट्रोपोलिस वॉटर ॲक्टनंतर आलेल्या नियमांनी बंधन घातलं: एका वेळी दोन गॅलन, म्हणजे साधारण 9 लिटर, एवढंच पाणी सुटलं पाहिजे, आणि एरवी थेंबही वाया जाता कामा नये.

तळाला भोक आहे तोवर ते बंद ठेवायला झडप हवी, आणि झडप आज ना उद्या गळणारच. मग बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर नेलं तर? नळी टाकीच्या तळातून आत येते, पण सरळ उभी राहून पाण्याच्या पृष्ठभागाच्याही वर जाते आणि तिथे उघडते. आता पाण्याखाली बंद ठेवण्यासारखं काही उरलंच नाही. टाकी गळूच शकत नाही. अडचण एकच: पाणी स्वतःहून वर चढून त्या तोंडात पडणार कसं?

मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये उंचावर बसवलेली बिडाची टाकी आणि तिची लोंबणारी साखळी ज्यांनी वापरली आहे, त्यांना एक गोष्ट आठवत असेल. साखळी नुसती हळूच ओढून धरली तर काही होत नसे. जोरात ओढायची आणि पटकन सोडायची, की धो धो पाणी. पाणी ओढताना येत नसे, सोडल्यावर येई. यामागे टाकीच्या आतली रचना आहे. मधल्या उभ्या नळीवर घंटेच्या आकाराचा बिडाचा जड टोप उपडा ठेवलेला असतो. टोपाची खालची कड टाकीच्या तळातल्या एका खोलगट खड्ड्यात बसते. साखळी ओढली की टोप वर उचलला जातो आणि त्याच्याखाली पाणी भरतं. साखळी सोडली की टोप दाणकन खाली येतो. आतल्या पाण्याला कडेच्या अरुंद फटीतून बाहेर पळायला वेळच मिळत नाही, ते टोपाच्या आत वर उसळतं आणि उभ्या नळीच्या तोंडातून एकदम आत कोसळतं. कोसळताना ते नळीतली हवा आपल्याबरोबर खाली ओढून नेतं, आणि सायफन सुरू होतो. मग टोपाची कुणाला गरज नाही. टाकीतलं सगळं पाणी आपोआप वर चढून, वळसा घेऊन, नळीतून खाली जात राहतं. पातळी टोपाच्या कडेपर्यंत उतरली की हवा आत शिरते, गुरगुर असा आवाज येतो आणि प्रवाह तुटतो. मापाचं पाणी गेलं. पाण्यावर तरंगणारा फ्लोट खाली आलेला असतो, त्याला जोडलेली पाणी भरण्याची तोटी, म्हणजे बॉलकॉक, उघडते, टाकी पुन्हा भरते.

हे सगळं एका हलत्या लोखंडी तुकड्यावर चालतं! पुढच्या काळातल्या ब्रिटिश टाक्यांमध्ये टोपाऐवजी आत एक चकती असते. दांडी दाबली की ती पाण्याचा एक घोट वळणाच्या पलीकडे ढकलते, बाकी तत्त्व तेच.

आता सायफन चालतो कसा, याकडे जरा निवांत बघू. पाणी वर चढतं हे पाहून शाळेत असल्यापासून आपल्याला सांगितलेलं असतं की हवेचा दाब ते ढकलतो. हे अर्धं खरं आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीला साधारण 10.3 मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. समजा, टाकीतल्या पाण्यापासून नळीच्या वळणाचा माथा 10 सेंटिमीटर वर आहे आणि नळीचं खालचं तोंड माथ्यापासून 2 मीटर खाली आहे. नळी पाण्याने भरलेली आहे. माथ्यावरच्या पाण्याला टाकीच्या बाजूने किती जोर मिळतो? हवेचे 10.3 मीटर, त्यातून चढायचे 0.1 मीटर वजा, म्हणजे 10.2. आणि खालच्या तोंडाच्या बाजूने? तिथेही हवा आहेच, तीही वर ढकलतेच: 10.3 वजा 2, म्हणजे 8.3. दोन्हींतला फरक 1.9 मीटर, आणि पाणी जास्त जोराकडून कमी जोराकडे, म्हणजे टाकीतून नळीत, जातं.

वजाबाकीत 10.3 हा आकडा दोन्हीकडून उडून गेला, हे लक्षात आलं का? उरले ते 1.9 मीटर, टाकीतल्या पाण्याची पातळी आणि नळीचं खालचं तोंड यांच्या उंचीतला फरक. म्हणजे पाणी वाहतं ते गुरुत्वाकर्षणामुळे. हवेचा दाब दोन्ही टोकांना सारखाच असतो, त्यामुळे तो पाण्याला पुढे नेत नाही. त्याचं काम पाण्याचा स्तंभ माथ्यावर तुटू न देण्याचं. कप्पीवरून टाकलेली साखळी जशी लांब बाजूला सरकत जाते, तसंच काहीसं इथे होतं. पाण्याचे रेणूही एकमेकांना धरून असतात, पण साध्या, हवा विरघळलेल्या पाण्यात ती पकड भरवशाची नसते, म्हणून हवेचा दाब बाहेरून आधार देतो.

या मुद्द्यावर अगदी अलीकडेपर्यंत वाद चालू होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीचे स्टीफन ह्यूज यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात सायफनची व्याख्या 1911 पासून चुकीची छापली जात होती, कारण त्यात सगळं श्रेय हवेच्या दाबाला दिलेलं होतं. पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी सहज बाष्प न होणारा एक द्रव घेऊन निर्वात जागेत सायफन चालवून दाखवला. तिथे ढकलायला हवाच नव्हती. 2015 मध्ये, विरघळलेली हवा काढून टाकलेल्या पाण्याचा 15 मीटर उंचीचा सायफनही चालला. पुस्तकी नियमानुसार तो 10 मीटरच्या वर चालायलाच नको होता. म्हणजे पकड पुरेशी पक्की असेल तर रेणूच पुरेसे होतात.

त्या 1.9 मीटरमधून वेगही काढता येतो. टॉरिचेलीच्या सूत्रानुसार वेग म्हणजे 2 × 9.8 × 1.9 चं वर्गमूळ, साधारण 6.1 मीटर प्रतिसेकंद. प्रत्यक्षात घर्षणामुळे तो बराच कमी भरतो. पण टाकी डोक्याच्या वर उंच का टांगत, याचं उत्तर इथे आहे. सूत्रात उंचीचं वर्गमूळ येत असल्यामुळे वेग दुप्पट करायला उंची चौपट लागते, आणि एका मर्यादेनंतर टाकी आणखी वर नेण्यात फायदा राहत नाही.

धक्का का लागतो, हेही सांगायला हवं. नळी रुंद असते. पाणी हळूहळू वर येऊन काठावरून सांडलं तर ते नळीच्या भिंतीवरून ओघळत जातं, मधली हवा तशीच राहते आणि सायफन सुरू होत नाही. हवा बाहेर काढायला एकदम लोंढा लागतो. नळी बारीक असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पाणी सगळी नळी भरूनच पुढे जातं, म्हणून सायफन धक्क्याशिवाय, नुसती पातळी वाढली की आपोआप सुरू होतो.

याचं देखणं उदाहरण आपल्याकडे आहे: वसुदेवाचा पितळी पेला. मधोमध बाळकृष्णाला डोक्यावर घेतलेला वसुदेव उभा असतो. पेल्यात पाणी ओतत जावं, ते कृष्णाच्या पायाला टेकलं की यमुनेसारखं ओसरतं, सगळंच्या सगळं खालच्या भोकातून निघून जातं. वसुदेवाच्या मूर्तीत एक बारीक वाकडी नळी दडलेली असते आणि तिचा माथा नेमका कृष्णाच्या पायाच्या पातळीला असतो. हा पेला दैवी चमत्कार म्हणून दाखवणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. तो माथा नेमका त्याच उंचीवर बसवणाऱ्या तांबटाच्या हाताचं कौतुक करायचं सोडून आपण हात जोडतो, आणि मुलांचा प्रश्न तिथेच मारून टाकतो. पेला फोडायचीही गरज नाही, पारदर्शक ग्लासात वाकणारी स्ट्रॉ बसवून हेच दाखवता येतं. 'हे फक्त आपल्याच पूर्वजांना माहीत होतं' असंही म्हणू नये. असाच पेला ग्रीकांकडे पायथागोरसच्या नावाने ओळखला जातो, आणि अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकातच सायफनवर चालणाऱ्या करामतींची वर्णनं लिहून ठेवली आहेत.

टाकीत मित्र असलेला सायफन भांड्याखाली मात्र शत्रू होतो. कमिंगच्या वाकड्या नळीतलं अडून राहिलेलं पाणी हाच वासाला अडसर. पण खालचा पाइप पाण्याने गच्च भरून वाहू लागला तर तो सायफनसारखा वागतो आणि हे पाणीही ओढून नेतो. वळण रिकामं, वास घरात. म्हणून पाइपाला हवा पुरवणारा व्हेंट पाइप गच्चीपर्यंत नेलेला असतो. बाथरूममध्ये कुणी फ्लश केलं की मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येत असेल, तर तो पाइप कुठेतरी तुंबला आहे किंवा गच्चीवर पत्रे टाकताना कुणीतरी तो बुजवून टाकला आहे, अशी शंका घ्यावी.

ब्रिटनने सायफनची सक्ती जवळजवळ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकवली. 1999 च्या नियमांनी ती सैल केली आणि 2001 पासून तिथे तळाला झडप असलेल्या टाक्यांना परवानगी मिळाली. सोबत एका फ्लशची मर्यादा 6 लिटरवर आली. झडपेच्या टाकीत बटण हलकं दाबलं तरी चालतं, अर्धं-पूर्ण अशी दोन बटणं देणं सोपं जातं, हे तिचे खरे गुण आहेत. पण रबराचं सील झिजतं, त्यावर क्षार साचतात, आणि व्हिक्टोरियन लंडनमधली गळती पुन्हा सुरू होते. आता तर ती भांड्याच्या मागच्या बाजूने पातळ पापुद्र्यासारखी, आवाज न करता वाहते, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. एक टाकी अशी दिवसाला शेकडो लिटर पाणी घालवू शकते. पाणी वाचवणारा म्हणून जो बदल विकला गेला, त्याचा हिशेब करताना ही गळती धरलीच पाहिजे. नुसत्या 6 लिटरच्या आकड्यावर भाळणं मला पटत नाही.

आपल्याकडे आज बहुतेक नव्या घरांत ही झडपेचीच टाकी असते, भिंतीत लपवलेली असली तर आणखीच पंचाईत. तपासायचं असेल तर रात्री झोपण्यापूर्वी टाकीचं झाकण काढा, खाण्याच्या लाल किंवा हिरव्या रंगाचे आठ-दहा थेंब पाण्यात टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यातल्या पाण्याला रंग चढला, तर सील गेलं आहे. टाकीला पाणी पुरवणारा नळ बंद करून, टाकी रिकामी करून झडप वर उचला आणि सीलची कड बोटाने चाचपून बघा. क्षारांचा खरखरीत थर लागला तर व्हिनेगरमध्ये भिजवून तो निघतो. कड कडक झाली असेल किंवा तिला चीर गेली असेल तर सील बदलावंच लागतं.