‘रिंगा रिंगा रोझेस’ आणि प्लेगची भाकडकथा

म्हापशापासून काणकोणपर्यंत, बालवाडीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर दरवर्षी जून उजाडला की हमखास येतो : ‘रिंगा रिंगा रोझेस’ हे लंडनच्या प्लेगचं गाणं. रोझेस म्हणजे अंगावरचे लाल चट्टे, खिशातली फुलं दुर्गंधी मारायला, ‘हुशा बुशा’ म्हणजे शिंका, आणि शेवटी सगळे धपकन पडतात ते मेले म्हणून. सबब, मुलांना शिकवू नका!

ऐकायला झकास, पण पुराव्याच्या नावानं बोंब. लंडनची ती साथ १६६५ ची. गाण्याचा एक जुना छापील इंग्रजी पाठ इंग्रज चित्रकार-लेखिका केट ग्रीनवेच्या १८८१ च्या पुस्तकात आहे, आणि त्यात शिंक औषधालाही नाही. मुलं फक्त ‘हश, हश’ करतात. काही पाठांत तर कोणी पडतही नाही, वाकून नमस्कार करतात. शिवाय गाठीच्या प्लेगात काखेत, जांघेत गाठ येते, ताप चढतो. शिंका हे त्याचं लक्षणच नव्हे. साथीच्या दिवसांत लंडनमध्ये रोजनिशी लिहिणाऱ्या सॅम्युअल पीप्सनंही या गाण्याचा उल्लेख केलेला नाही. प्लेगचा हा अर्थ प्रचलित झाला तो थेट विसाव्या शतकाच्या मध्याला.

गोल धरून गरगरायचं आणि पडायचं, हा खेळ आहे. धालोत, म्हणजे गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याच्या उत्सवात, फुगडी घालताना बायका भोवळ येऊन बसतात, तिथे आपण रोगराई शोधतो का? साथींनी ओस पडलेलं शहर बघायचंच असेल तर जुनं गोवं आहे. तिथली वस्ती उठली, आणि १८४३ मध्ये राजधानी रीतसर पणजीला आली.