इंजिन बसवलेल्या सायकलीचा किल स्विच

सायकलीला जोडलेलं छोटं पेट्रोल इंजिन चालत्या गाडीवर झटकन बंद करण्यासाठी हँडलवर बसवतात ते बटण म्हणजे किल स्विच. अशा टू-स्ट्रोक किटला सहसा ना चावी असते ना बॅटरी, त्यामुळे या बटणाचं महत्त्व फार. क्लच ओढला की चाक सुटतं, पण इंजिनावरचा भार जातो आणि ते आणखी वेगानं फिरतं. पेट्रोलचा कॉक बंद केला तरी कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ते थोडा वेळ चालतच राहतं. नागपूरच्या रामझुला पुलावरून मेयो रुग्णालयाकडे उतरताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल अडकली, तर तेवढा वेळ कुणाजवळ असतो?

या जोडणीत नवखा माणूस नेमका एका ठिकाणी फसतो. घरातल्या दिव्याचं बटण सर्किट तोडतं. बॅटरी-इग्निशनच्या गाडीची चावीही तेच करते. मॅग्नेटोचा, म्हणजे चुंबक फिरवून स्वतःच वीज बनवणाऱ्या यंत्रणेचा, किल स्विच मात्र सर्किट जोडून इंजिन मारतो. फिरणाऱ्या चुंबकामुळे कॉइलमध्ये वीज तयार होते, ती सीडीआयच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीच्या, कपॅसिटरमध्ये साठते आणि ठरल्या क्षणी प्लगवर ठिणगी पडते. हीच वीज वाटेत अर्थ केली, म्हणजे थेट इंजिनाच्या धातूला जोडली, की कपॅसिटर भरत नाही आणि ठिणगी थांबते.

प्रचलित किटमध्ये इंजिनातून निघालेल्या निळ्या आणि काळ्या वायरी सीडीआयच्या त्याच रंगांच्या वायरींना जोडलेल्या असतात. निळी करंटची, काळी अर्थची. ही मूळ जोडणी तशीच ठेवून बटणाची एक वायर निळ्या सांध्यावर आणि दुसरी काळ्या सांध्यावर घ्यायची. तिसरी पांढरी वायर असली तर तिला हात लावू नये. ती दिव्यासाठी असते. रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवणंही बरं नाही. सीडीआय सोडवून इंजिनाकडच्या निळ्या-काळ्या टोकांना मल्टिमीटर लावला तर काहीशे ओम दिसतात. बटणाची जोडणी तिथेच ठेवून ते दाबलं की आकडा शून्याजवळ यायला हवा.

बटण दाबल्यावरच जोडणारं हवं. स्कूटरच्या हॉर्नचं बटण या कामाला उत्तम चालतं. इंजिन पूर्ण थांबेपर्यंत ते दाबून धरायचं. निळ्या वायरीत शंभराहून जास्त व्होल्ट असू शकतात, म्हणून उघड्या धातूचं बटण नको. अर्थसाठी निव्वळ सायकलीच्या फ्रेमवर विसंबणारेही आहेत, पण हँडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस आणि नळ्यांवरचा रंग यांमुळे ती अर्थ भरवशाची नसते. वेगळी काळी वायर ओढायला थोडे पैसे जास्त लागतात, ते वाचवू नयेत.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपार जातो. उन्हात उभ्या सायकलीवर, त्यातही सिलिंडरजवळ, चिकटपट्टीचा डिंक पातळ होऊन सांधे उघडे पडतात. म्हणून सांधा झाळून त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवावी. वायर सायलेन्सरपासून लांबून न्यावी आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल इतकी ढील ठेवावी.

बिघाडही याच उलट्या रचनेतून येतात. वायर तुटली तर इंजिन छान चालतं, फक्त बंद होत नाही, आणि हे कळतं ते नेमकं अडचणीच्या वेळी. त्यामुळे निघण्याआधी जागेवरच एकदा बटण दाबून बघायलाच हवं. उलट, वायर घासून फ्रेमला लागली किंवा पावसाचं पाणी बटणात शिरलं तर इंजिन अडखळतं किंवा प्लगला करंटच येत नाही. अशा वेळी लोक आधी प्लग बदलतात, मग सीडीआय. खरं तर पहिल्यांदा किल स्विचची वायर निळ्या सांध्यावरून सोडवावी. ठिणगी परत आली तर दोष वायरीत किंवा बटणात आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्या मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाहीत. त्याहून मोठं इंजिन लावलं की ती सायकल मोटार वाहन ठरते आणि रस्त्यावर आणण्याआधी आरटीओची नोंदणी लागते.